गादी सोडणारा राष्ट्राध्यक्ष

जमिनीखाली संपत्ती सापडली की राष्ट्राचे दारिद्र्य आपोआप फिटते, असा एक भाबडा समज आहे. स्वतंत्र आफ्रिकेचा इतिहास या समजाला पुष्टी देत नाही. अंगोला आणि सिएरा लिओन येथे हिऱ्यांच्या पैशातून यादवी युद्धे पोसली गेली. त्याच खंडातील बोट्स्वानामध्ये हिऱ्यांतून शाळा, दवाखाने आणि रस्ते उभे राहिले. या फरकाची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक महत्त्वाचे कारण पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या जीवनात आढळते.

सेरेत्से यांचा जन्म १ जुलै १९२१ रोजी सेरोवे येथे, बामांग्वातो जमातीच्या राजघराण्यात झाला. त्या काळी हा प्रदेश बेचुआनालँड या नावाने ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता. ते चार वर्षांचे असताना पितृछत्र हरपले. गादी त्यांच्या नावे झाली आणि कारभार चुलते त्शेकेदी पाहू लागले. दक्षिण आफ्रिकेतील फोर्ट हेअर येथून १९४४ मध्ये पदवी घेऊन सेरेत्से इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डनंतर लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास चालू असता १९४८ मध्ये त्यांनी रूथ विल्यम्स या इंग्रज तरुणीशी विवाह केला.

या विवाहाने वादळ उठले. त्शेकेदी यांनी कडाडून विरोध केला. प्रश्न ‘क्गोत्ला’पुढे, म्हणजे जमातीच्या खुल्या चावडीपुढे आला. तेथे दीर्घ चर्चा होऊन १९४९ मध्ये जनसमुदायाने सेरेत्से यांच्या बाजूने कौल दिला. जमातीने स्वीकारलेली ही सून साम्राज्याला मात्र मानवली नाही. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे धोरण कायद्याचे रूप घेत होते आणि तेथील सोने व युरेनियम ब्रिटनला हवे होते. १९५० मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने सेरेत्से यांना हद्दपार केले. १९५२ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने ती हद्दपारी बेमुदत केली. चौकशी समितीने त्यांची योग्यता मान्य केली होती. तिचा अहवाल दडपून ठेवण्यात आला.

१९५६ मध्ये ते मायदेशी परतले, ते गादीवरील हक्क सोडून, एक सामान्य नागरिक म्हणून. हा त्याग परिस्थितीने लादलेला होता. परंतु त्याचा अर्थ त्यांनी मनोमन स्वीकारला. एका जमातीचा प्रमुख राहिलेला पुरुष सर्व जमातींचा नेता होणे कठीण होते. १९६२ मध्ये त्यांनी लोकशाहीवादी पक्ष बांधला, १९६५ च्या निवडणुकीत ३१ पैकी २८ जागा जिंकल्या आणि ३० सप्टेंबर १९६६ रोजी ते स्वतंत्र बोट्स्वानाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

हाती आलेला देश कंगाल होता. डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर, पदवीधर अवघे दोन डझनांच्या आत. दुष्काळाने गुरे मरत होती. वसाहतीचा कारभार दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंगमधून चाले. गाबोरोने ही राजधानी नव्याने वसवावी लागली. सरकारच्या दैनंदिन खर्चालाही ब्रिटिश अनुदानाचा टेकू लागत असे.

अशा वेळी, १९६७ मध्ये, खनिजांवरील जमातींचे हक्क कायद्याने राष्ट्राच्या स्वाधीन झाले. त्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांचा मोठा साठा सापडला, आणि तो बामांग्वातोंच्याच मुलखात. ज्या जमातीचे ते वारस, तिचा अनन्य हक्क मागे घेऊन त्यांनी तो देशाचा केला होता. खाण कोणाच्या मुलखात, या प्रश्नावरून जमातीजमातींत उद्भवू शकणारा कलह त्यामुळे टळला.

पुढची पावलेही हिशेबी होती. अर्थ आणि नियोजन यांची धुरा क्वेट मासिरे यांच्याकडे होती. १९६९ मध्ये जकात संघाचा करार बदलून घेऊन महसूल वाढविला गेला. हिऱ्यांच्या कंपनीत सरकारचा वाटा प्रारंभी १५ टक्के होता. १९७५ मध्ये तो ५० टक्क्यांवर गेला. १९७६ मध्ये ‘पुला’ हे स्वतःचे चलन आले. पुला म्हणजे पाऊस; कोरड्या देशाने पैशाला दिलेले हे नाव बोलके आहे. निवडणुका नियमित होत राहिल्या. १९६९ मध्ये खुद्द मासिरे आपल्या मतदारसंघात पराभूत झाले, तरी निकाल मान्य केला गेला.

या कारकिर्दीला काळी बाजूही आहे. सेरेत्से स्वतः मोठे पशुपालक होते आणि १९७५ च्या चराऊ जमिनींच्या धोरणाचा लाभ मुख्यतः मोठ्या कळपांच्या मालकांना मिळाला. कलहारीतील बासारवा लोक विकासाच्या कडेलाच राहिले. विषमता आणि हिऱ्यांवरील परावलंबन हा वारसाही त्यांनी मागे ठेवला.

१३ जुलै १९८० रोजी त्यांचे निधन झाले आणि घटनेनुसार मासिरे राष्ट्राध्यक्ष झाले. सेरेत्से यांचे पुत्र इयन खामा यांना ते पद २००८ मध्ये मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, हिऱ्यांची मागणी घसरलेली आणि बेकारी वाढलेली असताना, सेरेत्से यांनी स्थापन केलेला पक्ष स्वातंत्र्यानंतर प्रथमच सत्तेवरून गेला. मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी पराभव मान्य केला आणि सत्तांतर शांततेने पार पडले. ज्याने स्वतः गादी सोडली होती, त्याच्या पक्षालाही वेळ येताच खुर्ची सोडता आली. सेरेत्से यांनी घालून दिलेल्या व्यवस्थेची ही कसोटी होती, आणि ती व्यवस्था तीत उतरली.