कृपेचा ऋणाईत : जॉन न्यूटन

जॉन न्यूटन यांचा जन्म १७२५ साली लंडन येथे झाला. वडील व्यापारी जहाजावर कप्तान होते. धर्माचे पहिले पाठ देणारी आई लवकरच निवर्तली आणि अकराव्या वर्षी त्यांच्या वाट्याला समुद्र आला. पुढे त्यांना सक्तीने आरमारात भरती करण्यात आले. तेथून ते पळाले, पकडले गेले, त्यांना फटक्यांची शिक्षा झाली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी उपासमारीचे दिवस काढले. ईश्वरनिंदेत मात्र खलाशांमध्येही त्यांचा हात धरणारा विरळाच.

मार्च १७४८ मध्ये इंग्लंडकडे परतताना अटलांटिक महासागरात त्यांचे जहाज वादळात सापडले. पाणी उपसता उपसता त्यांच्या मुखातून दयेची याचना बाहेर पडली आणि आपल्यासारख्याला क्षमा कशी मिळेल, या विचाराने ते स्वतःच दचकले. जहाज वाचले. ख्रिस्ती श्रद्धेनुसार ईश्वरी कृपा पुण्याच्या मोबदल्यात मिळत नाही. शरण आलेल्या पाप्याला ती दान म्हणून लाभते. न्यूटन यांना या श्रद्धेचा आधार सापडला.

परंतु येथून पुढचे त्यांचे चरित्र वाटते तितके सरळ नाही. या घटनेनंतरही ते गुलामांच्या व्यापारातच राहिले. इतकेच नव्हे, तर १७५० ते १७५४ या काळात त्यांनी गुलामवाहू जहाजांचे कप्तानपद भूषविले. वर खलाशांसह रविवारची उपासना चाले आणि खाली साखळदंडांनी जखडलेली माणसे दाटीवाटीने कोंडलेली असत. ही विसंगती तेव्हा त्यांना बोचली नाही. समुद्रही त्यांनी सोडला तो आजारपणामुळे, पश्चात्तापामुळे नव्हे.

१७६४ साली ते ऑल्नी या गावी धर्मोपदेशक झाले. १७७३ च्या नववर्षाच्या उपासनेसाठी त्यांनी लिहिलेले गीत आज ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने जगभर गायिले जाते. कवी विल्यम कूपर यांच्यासह रचलेला त्यांचा गीतसंग्रह १७७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१७८५ साली राजकारण सोडू पाहणाऱ्या विल्यम विल्बरफोर्स या तरुण खासदाराला त्यांनी संसदेतच राहण्याचा सल्ला दिला. १७८८ मध्ये त्यांनी एक पुस्तिका लिहून आपल्या जुन्या व्यवसायातील क्रौर्याची जाहीर कबुली दिली. व्यापार सोडून तेव्हा चौतीस वर्षे लोटली होती! पुढे संसदीय समितीपुढेही त्यांनी साक्ष दिली.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूटन यांचे निधन झाले. आपला स्मृतिलेख त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. एकेकाळचा नास्तिक व स्वैराचारी, आणि ख्रिस्ताच्या दयेने क्षमा पावलेला, अशी आपली ओळख त्यांनी त्यात दिली आहे.