माणगाव सोडताना

प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचे चरित्र दत्तभक्तांना नव्याने काय सांगायचे? चमत्कार तर आपल्या सर्वांना पाठच आहेत. माझे मन मात्र एकाच ठिकाणी अडकते. महाराजांनी माणगाव सोडले, तिथे.

सावंतवाडीजवळच्या माणगावात १८५४ साली त्यांचा जन्म झाला. वेदाध्ययन, ज्योतिष आणि पुढे नरसोबाच्या वाडीची ओढ. १८८३ साली त्यांनी गावात दत्तमंदिर उभे केले. लांबून माणसे येऊ लागली. आपल्याच गावात दत्ताचे स्थान व्हावे, याहून मोठी इच्छा भक्ताची काय असणार! ती पुरी झाली. आणि सारे भरात असताना, १८८९ साली, दत्तप्रभूंची आज्ञा मानून ते पत्नी अन्नपूर्णाबाईंना घेऊन निघाले.

दौंडला बँकेत कारकुनी करताना मी पाहिले, लोक खाते बंद करायला येत ते बहुतेक शिल्लक संपल्यावर. भरलेले खाते कोण बंद करतो? बुडीत धंदा सोडायला फार धीर लागत नाही हो. चालता सोडणे अवघड.

हे लिहितोय, कारण शिरूरच्या आमच्या मंदिराचा सभामंडप माझ्याच हातून व्हावा, ही हौस मी अकरा वर्षे धरून आहे. पाया झाला, खांब व्हायचेत. या दत्तजयंतीला वर्गणीची वही तरुण मंडळींकडे द्यायचे ठरवले आहे. जमेल का, असे घरातून रोज विचारतात.

पुढे १८९१ साली गोदाकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई गेल्या. चौदाव्या दिवशी महाराजांनी संन्यास घेतला. उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला. मग आयुष्यभर पायीच फिरणे, पैशाला स्पर्श नाही. (आपण दौंडला गाडीत बसून गाणगापूरला निघतो आणि खिडकीसाठी भांडतो!) वाडीला उपासनेची घडी बसवली, पण तिथेही ठाण मांडले नाही. तेवीस चातुर्मास झाले, ते ठिकठिकाणी.

१९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला नर्मदाकाठी गरुडेश्वरला ते समाधिस्थ झाले. माणगावला दत्ताची पूजा आजही चालू आहे.