सुधाकर वकिलाचे जनक : राम गणेश गडकरी

मिस्सा आटोपून तलावपाळीवर फेरफटका मारणाऱ्या आम्हा ठाणेकरांना गडकरी रंगायतन परके नाही. ज्यांचे नाव या नाट्यगृहाला दिले, ते राम गणेश गडकरी २६ मे १८८५ रोजी गुजरातेत, नवसारीला जन्मले. वडील लहानपणीच वारले. पुण्यात कॉलेज अर्धवट सोडून ते किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांचे मास्तर झाले. कविता गोविंदाग्रज या नावाने लिहिल्या, विनोद बाळकराम या नावाने.

आम्हाला मात्र आठवतो तो ‘एकच प्याला’मधला सुधाकर. हुशार, मानी वकील. कोर्टात अपमान होतो, काही काळ सनद जाते आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो. पुढची धूळधाण सर्वांना ठाऊक आहे. मधला एक भाग मात्र आपण विसरतो. सुधाकर दारू सोडतो! शुद्धीत राहून काम मागायला जातो. प्रतिष्ठित मंडळी त्याला हिणवून परत पाठवतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. उधळ्या पुत्रासाठी बाप धावत आला. सुधाकरच्या घरी सिंधू होती, पण गावात दार उघडणारे फार थोडे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस अमेरिकेत सुरू झाली ती १९३५ साली; सोडू पाहणाऱ्याला तेथे सोडलेलेच सोबत करतात. सुधाकरच्या काळी तशी बैठक कोठली?

क्षयाने खंगलेले गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळ सावनेरला वारले. वय अवघे ३३. महिन्याभरात गंधर्व मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले, सिंधू झाले बालगंधर्व. तो प्रयोग पाहायला गडकरी नव्हते.