मेंडेल यांचा वाटाणा आणि तुमचे संकरित बियाणे

शेतकरी बंधूंनो, संकरित टोमॅटोच्या किंवा मक्याच्या पिकातलेच बी राखून पुढच्या हंगामात लावले, तर झाडे एकसारखी येत नाहीत. काही उंच, काही खुजी. फळांचा आकारही वेगवेगळा. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. असे का होते, याचे उत्तर एका शेतकऱ्याच्या मुलाने शोधले. त्यांचे नाव ग्रेगोर मेंडेल.

मेंडेल यांचा जन्म 1822 चा, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या आणि आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका खेड्यातला. वडील छोटे शेतकरी. आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराकडे वेठबिगारी करावी लागे. लाकूड अंगावर पडून ते जायबंदी झाले आणि घरची घडी विस्कटली. धाकट्या बहिणीने स्वतःच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातला वाटा दिला, म्हणून शिक्षण चालू राहिले. पुढे 1843 मध्ये ते ब्रनो शहरातल्या मठात दाखल झाले. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत ते नापास झाले, तरी मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला पाठवले.

मठाच्या बागेत 1856 ते 1863 अशी आठ वर्षे त्यांनी वाटाण्यावर काम केले. वाटाण्यात स्वपरागीभवन होते, त्यामुळे वाण शुद्ध राखणे सोपे. आधी दोन वर्षे त्यांनी वाण नुसते पेरून पारखले. मग कळी उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे आणि फूल झाकून ठेवायचे. जालना, देऊळगाव राजा भागात भाजीपाल्याचे बीजोत्पादन करणाऱ्यांना हे काम नवीन नाही.

गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्याच झाडांचे स्वपरागीभवन होऊ दिल्यावर पुढच्या पिढीत 5474 दाणे गोल आणि 1850 सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळपास तीनास एक. सुरकुतलेला गुण नष्ट झाला नव्हता, झाकला गेला होता.

मेंडेल यांचे खरे मोठेपण पुढच्या विचारात आहे. प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. आज आपण त्यांना ॲलील म्हणतो. पण परागकणातून किंवा बीजांडातून पुढे जाताना या दोहोंपैकी एकच जातो. संकरित झाडाच्या निम्म्या परागकणांत ‘गोल’ असतो, निम्म्यांत ‘सुरकुतलेला’. बीजांडांचेही तसेच. कोणाची गाठ कोणाशी पडेल हे नशिबावर. दोन्हीकडून ‘सुरकुतलेला’ आला तरच दाणा सुरकुततो, म्हणजे चारात एकदा.

आता तुमचा संकरित टोमॅटो घ्या. त्यात असे फरक एका गुणाचे नसून अनेक गुणांचे असतात. विकत घेतलेल्या बियाण्यात प्रत्येक दाण्याला दोन्ही पालकांचा ठरलेला संच मिळतो, म्हणून पीक एकसारखे येते. राखलेल्या बियाण्यात हे संच फुटून नव्याने जुळतात. बियाणे बनावट नसते, त्याचा स्वभावच हा आहे. सोयाबीन, हरभरा, गहू यांच्या सरळ वाणांत दोन्ही घटक बहुतेक सारखेच असतात, म्हणून घरचे बियाणे उगवणक्षमता तपासून खुशाल वापरा.

मेंडेल यांनी हे काम 1865 मध्ये ब्रनोत वाचून दाखवले आणि पुढच्या वर्षी छापले. फारशी कोणी दखल घेतली नाही. नंतर हॉकवीड नावाच्या रानफुलावर प्रयोग केले, तर नियम जुळेचना. त्या झाडात बहुधा संयोगाशिवायच बी तयार होते आणि रोप आईसारखेच येते. आपल्याकडे जंबेरीच्या बियांतून संत्र्यासाठी बरीचशी एकसारखी खुंटरोपे मिळतात, तोही जवळचाच प्रकार. मेंडेल यांना हे कळण्याचा मार्ग तेव्हा नव्हता. त्यात 1868 मध्ये ते मठाचे प्रमुख झाले, सरकारशी कराचा वाद लागला आणि प्रयोग मागे पडले. 1884 मध्ये ते वारले.

1900 मध्ये तीन शास्त्रज्ञांनी त्यांचे नियम पुन्हा उजेडात आणले. थोड्याच वर्षांत सटन आणि बोव्हेरी यांनी दाखवले की पेशीतली गुणसूत्रेही जोडीने असतात आणि प्रजननपेशी तयार होताना वेगळी होतात. वाटाण्याच्या पेशीत 14 गुणसूत्रे, परागकणात मात्र 7. मेंडेल यांचे घटक याच गुणसूत्रांवर बसलेले होते.