शिरोडकर टाका : गोव्यातल्या गावाचं नाव जगभरच्या प्रसूतिगृहांत नेणारे डॉक्टर

पणजी : पेडणे, डिचोलीकडच्या एखाद्या गावातली बाई चौथ्यांदा गरोदर असते. आधीची तिन्ही पोटं पाचव्या महिन्याच्या आसपास पडलेली. ती बांबोळीला गोमेकॉत जाते किंवा सीमेपलीकडे बेळगाव, कोल्हापूरच्या इस्पितळात. डॉक्टर सगळा इतिहास विचारून घेतात आणि पिशवीच्या तोंडाला टाका घालायचं ठरतं. हा टाका घालण्याची पद्धत ज्या माणसाने घालून दिली, तो आपल्याच मातीतला होता, हे तिला बहुधा कुणी सांगत नाही. त्यांचं नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत या शस्त्रक्रियेला आजही त्यांचंच नाव आहे.

शिरोडा म्हटलं की सिंधुदुर्गातल्या वाचकाला वेंगुर्ले तालुक्यातलं शिरोडं आठवेल, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचं. डॉक्टरांचं शिरोडा ते नव्हे. ते फोंडा तालुक्यातलं, कामाक्षी देवीचं. तिथे 27 एप्रिल 1899 रोजी विठ्ठलचा जन्म झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. पणजीत 1842 पासून वैद्यकीय शाळा होती, पण शिक्षण पोर्तुगीज भाषेतून. त्यामुळे शिकायची हौस असलेली कितीतरी गोमंतकीय मुलं घाट चढून ब्रिटिश हद्दीत जात. विठ्ठलचं शालेय शिक्षण हुबळीला झालं आणि पुढे तो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाला. जन्म गोव्यात, शाळा आजच्या कर्नाटकात, कॉलेज आणि पुढचं सगळं आयुष्य महाराष्ट्रात. सीमाभागातल्या किती घरांची हीच कहाणी आहे.

1923 मध्ये ते एमबीबीएस झाले. 1927 मध्ये प्रसूती आणि स्त्रीरोग या विषयात त्यांनी एमडी केलं. मग इंग्लंडला जाऊन 1931 मध्ये एफआरसीएस मिळवली. परत आल्यावर मुंबईतच काम सुरू केलं आणि ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, तिथेच या विषयाचे प्राध्यापक झाले. जे. जे. हे त्या कॉलेजचं इस्पितळ. परळ-गिरगावच्या चाळींतल्या, कोकणातून आलेल्या, गिरणी कामगारांच्या घरातल्या बायका बाळंतपणासाठी जिथे येत, त्या सार्वजनिक इस्पितळांच्या जगात त्यांची उमेदीची वर्षं गेली.

त्या काळात वारंवार पोट पडणाऱ्या बाईची काय अवस्था असे, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारावं लागत नाही, घराघरांत त्या गोष्टी आहेत. तिची कूस धरत नाही, म्हणत. कुणी दृष्ट काढी, कुणी देवाला कौल लावी, कुणी गाऱ्हाणं घाली. दोष मात्र फिरून तिच्याच माथी. जड उचललं असेल, विहिरीचं पाणी ओढलं असेल, काहीतरी खाल्लं असेल. दुसरं लग्न करायचं कारण म्हणूनही तेवढं पुरे व्हायचं. डॉक्टरांकडेही फार काही नव्हतं. अंथरुणावर पडून राहा आणि संप्रेरकांची औषधं घ्या, एवढाच सल्ला. पाचवा महिना आला की तेच पुन्हा.

शिरोडकरांनी या बायकांची हकीगत नीट ऐकली. सगळ्यांची पोटं एकाच कारणाने पडत नाहीत, हे त्यांना दिसलं. बहुतेक गर्भपात पहिल्या तीन महिन्यांत होतात आणि त्यांपैकी पुष्कळांचं कारण गर्भाच्या मूळ घडणीतच असतं. पण काही बायकांची गोष्ट वेगळी होती. तीन महिने सुखरूप जायचे, बाळ चांगलं वाढायचं. मग चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, फारशा कळा न येता, पिशवीचं तोंड आपोआप उघडायचं. पाणी जायचं आणि जगण्याइतकं न वाढलेलं बाळ बाहेर यायचं. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. शिरोडकरांनी अशा बायकांना गरोदरपणात पुन्हा पुन्हा तपासलं आणि तोंड हळूहळू सैल होत जातं, हे हाताने पडताळलं.

म्हणजे इथे गर्भात खोट नव्हती आणि बाईच्या वागण्यातही नव्हती. गर्भाशयाच्या मुखाचा आतला भाग, जो नऊ महिने घट्ट मिटलेला राहायला हवा, तो बाळाचं वजन पेलण्याइतका मजबूत नव्हता. काहींचा तो जन्मतःच कमजोर असतो, काहींना आधीच्या बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत तिथे इजा झालेली असते. पोत्याचं तोंड बांधलेलं नसेल तर आतलं धान्य कितीही चांगलं असो, ते सांडणारच. मग तोंड बांधायचं, इतका सरळ विचार त्यांनी केला.

विचार सरळ, पण करायला धीर लागणारा. अमेरिकेत लॅश नावाच्या डॉक्टरांनी 1950 मध्ये याच दुखण्यावर शस्त्रक्रिया सांगितली होती, पण ती बाई गरोदर नसताना करायची होती. शिरोडकरांनी गरोदर बाईवर, पोटात बाळ असताना, हात घालायचं ठरवलं. त्यांनी त्याच बाईच्या मांडीच्या स्नायूंवरचं चिवट पांढरं आवरण घेतलं आणि त्याची अरुंद पट्टी कापली. योनिमार्गातून गर्भाशयाच्या मुखापाशी पुढे आणि मागे छोटी चीर दिली, मूत्राशय वर सरकवलं आणि वाकड्या सुईने ती पट्टी आतल्या आत मुखाभोवती फिरवून घट्ट बांधली. पट्टी जितकी वर, आतल्या तोंडाच्या पातळीला बसेल, तितकी पकड चांगली. पोट फाडायची गरज नाही. पुढे मांडीतल्या पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची पट्टी वापरली जाऊ लागली.

हे काम त्यांनी 1955 मध्ये मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केलं. ज्यांची किमान चार पोटं पडली होती, अशा तीसेक बायकांचा त्यांचा अनुभव त्यात होता. काहींच्या बाबतीत तर हा आकडा नऊ-अकरापर्यंत गेलेला. नऊ वेळा रिकाम्या हाताने घरी गेलेली बाई दहाव्या खेपेला पुन्हा टेबलावर झोपायला तयार होते, यात तिचा धीर डॉक्टरांपेक्षा कमी नव्हता. तिचं नाव मात्र कुठल्या पुस्तकात नाही.

लंडन-न्यूयॉर्कच्या नव्हे, तर भारतातल्या मासिकात आलेली ही पद्धत बघता बघता जगभर गेली. दोनच वर्षांनी, 1957 मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या डॉ. इयान मॅकडोनल्ड यांनी तिची सोपी आवृत्ती सांगितली. चीर न देता बटव्याच्या नाडीसारखा धागा ओवून मुख आवळायचं. सोपी म्हणून आज बऱ्याच ठिकाणी तीच जास्त वापरतात. मुख आखूड झालेलं असेल किंवा धागा अधिक वर बसवायचा असेल, तेव्हा शिरोडकर पद्धत उपयोगी पडते.

शिरोडकर एवढ्यावर थांबले नाहीत. तरुण बायकांचं अंग बाहेर येतं, तेव्हा गर्भाशय काढून न टाकता ते पट्टीने वर बांधून घेण्याची त्यांची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने ओळखली जाते. बंद पडलेल्या गर्भनलिका पुन्हा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी काम केलं. 1960 मध्ये त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. ज्यांना मूल हवं त्यांचं मूल टिकावं आणि ज्यांना नको त्यांच्यावर ते लादलं जाऊ नये, या दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या. भारतातल्या कुटुंबनियोजनाच्या चळवळीत ते सुरुवातीपासून होते.

1960 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं, तेव्हा त्यांचं शिरोडा गाव अजून पोर्तुगीजांच्याच ताब्यात होतं. गोवा मुक्त झाला तो 19 डिसेंबर 1961 रोजी. 1971 मध्ये त्यांचं नाव पद्मविभूषणच्या यादीत आलं आणि त्याच वर्षी 7 मार्चला ते गेले.

त्यांच्या टाक्याची नंतर कसून तपासणी झाली. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 1,292 बायका होत्या. टाका घालावा की नाही याबद्दल डॉक्टरच साशंक होते, अशा या बायका. त्यांच्यात सुमारे 25 जणींना टाका घातला, तर एकीची फार लवकरची प्रसूती टळते, असं निघालं. ज्यांची तीन किंवा जास्त पोटं अशी पडली होती किंवा बाळं फार लवकर झाली होती, त्यांना फायदा ठळक दिसला. म्हणजे टाका सरसकट नाही, योग्य बाईलाच. आता सोनोग्राफीने मुखाची लांबी मोजता येते. ती 25 मिलिमीटरपेक्षा कमी झाली आणि आधी लवकर प्रसूती झालेली असेल, तर टाक्याचा विचार होतो. काहींना प्रोजेस्टेरॉनच पुरतं. टाका साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घालतात आणि 36-37 आठवड्यांना काढतात.

म्हणून आपल्या घरातल्या लेकी-सुनांसाठी एवढं लक्षात ठेवायला हवं. चौथ्या महिन्यानंतर कळांशिवाय पोट पडलं असेल, तर ती गोष्ट लपवायची नाही. पुढच्या वेळी दिवस गेल्यावर पहिल्याच तपासणीत ती सांगायची, कितव्या महिन्यात झालं, दुखलं की नाही, आधी पाणी गेलं का, सगळं. हे सांगायला लाज वाटते, सासरची माणसं गप्प बस म्हणतात, आणि तेवढ्यात वेळ निघून जातो. शिरोडकरांनी सुई हातात घेण्याआधी बायकांची हकीगत ऐकली होती. ती हकीगत सांगितलीच नाही, तर चांगल्यातल्या चांगल्या इस्पितळातही टाका वेळेवर पडणार नाही.