मरियेला साडी नेसविणारा चित्रकार

ख्रिस्ती घराच्या दर्शनी भिंतीवर पवित्र मरियेची तसबीर असतेच. बहुतेक घरांतून ती निळ्या झग्यातली, गोऱ्या कांतीची, पाश्चात्त्य चेहऱ्याची असते. पिढ्यान्‌पिढ्या तीच पाहत आल्यामुळे ती तशीच का, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. एका गोमंतकीय चित्रकाराला तो पडला आणि त्यापायी त्याला आपली जन्मभूमी सोडावी लागली. आंजेलो द फोन्सेका हे त्यांचे नाव. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांनी आयुष्याची तीसहून अधिक वर्षे काढली, तरीही मराठी ख्रिस्ती वाचकांना त्यांची ओळख फार थोडी आहे.

फोन्सेकांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतु इस्तेव या बेटावर, एका सधन कॅथलिक जमीनदार घराण्यात झाला. हे बेट गोव्यात भेंडीसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा चित्रकलेपेक्षा शेतीभातीशीच त्याचे नाव अधिक जोडले जावे यात नवल नाही. त्या काळच्या चालीप्रमाणे घरातल्या हुशार मुलाने वैद्य किंवा वकील व्हावे, अशी अपेक्षा असे. आंजेलोंनीही वैद्यकीय शिक्षणाला आरंभ केला होता. परंतु मन रमले नाही. ते सोडून त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत नाव घातले. तेथे रेखाटनाचा हात तयार होत असला तरी सारी शिकवण पाश्चात्त्य वळणाची होती. ज्याला भारतीय मातीतले चित्र काढायचे आहे त्याने भारतीय गुरूकडेच गेले पाहिजे, हे त्यांनी मनाशी पक्के केले आणि मुंबई सोडून थेट बंगालची वाट धरली.

बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर आणि शांतिनिकेतनचे नंदलाल बसू हे दोन थोर गुरू त्यांना लाभले. नंदलाल म्हणजे पुढे भारतीय संविधानाची मूळ प्रत ज्यांच्या देखरेखीखाली चित्रांनी सजली तेच. त्या प्रतीतील उद्देशिकेचे पान सजविणारे ब्योहार राममनोहर सिन्हा हे जबलपूरचे. त्या शहराच्या शहीद स्मारकातील भित्तिचित्रांशीही त्यांचे नाव निगडित आहे. चेरीतालच्या किंवा जबलपुरातील अन्य कोणत्याही वाचकाने ती भित्तिचित्रे पाहिली असतील, तर फोन्सेका कोणत्या गुरुकुलात वाढले याची कल्पना त्याला सहज येईल.

अवनींद्रनाथांनी आपल्या शिष्यांना जी रंगपद्धती दिली ती मोठ्या चिकाटीची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याला आलेल्या जपानी चित्रकारांकडून त्यांनी तिचे मर्म घेतले होते. कागदावर आधी बारीक रेषा काढायची, मग पातळ जलरंग भरायचा. रंग वाळला की अख्खा कागद पाण्यात भिजवायचा. वरचा मोकळा रंग धुऊन जातो आणि कागदात मुरलेला तेवढा राहतो. पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असे कितीतरी वेळा करावे तेव्हा चित्रावर तो धूसर, सायंकाळच्या उजेडासारखा मृदू रंग उतरतो. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे. त्याला विणकराचा किंवा सुताराचा धीर लागतो. फोन्सेकांच्या चित्रांत जी शांतता आपल्याला जाणवते तिचा निम्मा वाटा, माझ्या मते, या कारागिरीचा आहे.

शिक्षण संपवून १९३१ च्या सुमारास ते गोव्यात परतले. आता आपल्या चर्चमध्ये आपल्या पद्धतीची चित्रे काढावीत, अशी त्यांची उमेद होती. त्यांची मरिया गव्हाळ रंगाची, साडी नेसलेली, अनवाणी चालणारी होती. गोव्याच्या शेतातून घरी परतणाऱ्या कोणत्याही बाईसारखी ती दिसे. नेमके हेच पुष्कळांना रुचले नाही. त्या वेळच्या पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात प्रतिष्ठित ख्रिस्ती समाजाचा पोशाख, भाषा आणि रीतिरिवाज यांवर युरोपची दाट छाया होती. साडी हे त्यांच्या दृष्टीने परधर्मीयांचे वस्त्र. देवमातेला ते नेसविणे म्हणजे तिचा उपमर्द, असे धर्मगुरूंपैकीही अनेकांचे मत पडले. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, तसे झाले. फोन्सेकांनी वाद घातला नाही की रंगही बदलला नाही. ते गोवा सोडून पुण्यास आले.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या गोव्याने ही चित्रे नाकारली त्याच गोव्यात १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण रायतूरला छापले गेले होते. एका इंग्रज येशूसंघीयाने तारणाची सारी कथा मराठी ओवीत बसविली, आणि श्रोत्यांना ती परकी वाटली नाही. त्यापूर्वीच, १५८० साली, गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला गेलेल्या धर्मगुरूंनी आणलेली चित्रे पाहून अकबराच्या दरबारातील चित्रकारही येशू आणि मरियेची चित्रे आपल्या ढंगाने काढू लागले होते. तेव्हा फोन्सेका काही अघटित करीत नव्हते. जुनी, विसरलेली वाट ते पुन्हा चालत होते.

पुण्यातील ज्या आश्रमाने त्यांना आसरा दिला त्याची मुळे आपल्या मराठी भूमीत आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये देवाचा दरबार स्थापन केला. १९१९ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या विचारांनी भारावलेले अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ सुरू केला आणि पुढे त्याचा आश्रम पुण्यात उभा राहिला. इंग्रज आणि हिंदी बंधू तेथे एकत्र राहत, खादी वापरीत, जमिनीवर बसून जेवीत. व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी सोबती शामराव हिवाळे हे दोघे याच आश्रमातले. १९३२ मध्ये ते गोंडांच्या सेवेसाठी जबलपूरजवळच्या मंडला जिल्ह्यात गेले. पुढे संघात फाटा फुटून ख्रिस्त प्रेम सेवा संघ निघाला आणि आश्रम त्या नावाने ओळखला जाऊ लागला.

फोन्सेका मात्र रोमन कॅथलिक. त्या काळी कॅथलिकांनी इतर पंथीयांच्या उपासनेत भाग घेण्यास मनाई होती, हे आजच्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. अशा दिवसांत एक कॅथलिक चित्रकार अँग्लिकन बंधूंच्या आश्रमात घरच्यासारखा राहतो, आपला पंथ सोडीत नाही आणि त्यांचा स्नेहही सोडीत नाही, ही मोठी दुर्मीळ गोष्ट होती. आश्रमातील बंधू बिल लॅश हे त्यांचे निकटचे मित्र. १९४७ मध्ये ते मुंबईचे बिशप झाले. कॅथलिकांमध्येही फोन्सेकांना एक भक्कम पाठीराखा मिळाला. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातील इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी भारतीय ढंगाच्या ख्रिस्ती कलेचा हिरिरीने पुरस्कार केला आणि फोन्सेकांची चित्रे आपल्या संग्रहात जपली.

पुण्यात शेकडो चित्रे त्यांच्या हातून उतरली. दूतसंदेश, मरियेने अलिशिबेला दिलेली भेट, गोठ्यातला जन्म, शेवटचे भोजन, क्रूस. देवदूतही या मातीतलेच आणि घरेदारेही ओळखीची. भोवतालची साधी माणसे, हिंदू आणि मुसलमान शेजारीही त्यांनी रेखाटले. कलेचा बाजार मात्र त्यांना मानवला नाही आणि पैसा त्यांच्याकडे कधी साठला नाही.

१९५१ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आयव्ही म्युरिएल मिनेझिस यांच्याशी विवाह केला. त्यानंतरच्या चित्रांत मरियेला एक ठरावीक चेहरा आला. तो आयव्हीबाईंचा होता. एक कन्याही त्यांना झाली. लग्नाआधीची मरिया पूज्य आहे, दूरची आहे. नंतरची जवळ आली आहे, तिच्या कुशीतले मूल खरोखरीच तिचे वाटते. मला स्वतःला ही नंतरची चित्रे अधिक भावतात.

रोमने त्यांची दखल गोव्याच्या आधी घेतली. १९५० च्या पवित्र वर्षात व्हॅटिकनमध्ये भरलेल्या मिशन प्रदेशांतील कलेच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, आणि प्रत्येक देशाच्या संस्कृतीला उपासनेत मानाचे स्थान मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. इतर पंथीयांबरोबर प्रार्थना करण्याची दारेही तेव्हाच उघडली. फोन्सेकांना हे सारे पाहता आले, पण त्याची फळे चाखायला अवधी उरला नव्हता. मेंदूच्या आवरणाच्या दाहाने २८ डिसेंबर १९६७ रोजी, निरपराध बालकांच्या सणादिवशी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ६५ वर्षांचे होते.

त्यांच्यामागे आयव्हीबाईंनी ती चित्रे जवळजवळ चाळीस वर्षे सांभाळली. पावसाळ्यात कागदाला ओल लागू न देणे, वाळवीपासून राखणे हे काही सोपे काम नव्हते. अखेर २००६ मध्ये त्यांनी त्यांतील मोठा संग्रह पर्वरीच्या झेविअर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केला. हे केंद्र गोव्यात आहे. सांतु इस्तेवच्या बायकांसारखी साडी नेसलेली ती मरिया आता तेथे पाहायला मिळते.