पॉल एर्लिक आणि मेंदूचा पहारा

नारळी पौर्णिमेस उरणच्या कोळीवाड्यांतून दर्यास अर्पण होणारा नारळ आपण सर्वांनीं पाहिला आहे. बाहेर कठीण करवंटी व आंत पाणी, कांहींशी अशीच योजना निसर्गानें आपल्या मस्तकांत केली आहे. कवटीच्या आंत तीन आवरणें असून त्यांमध्यें व मेंदूच्या पोकळ्यांत मिळून सुमारें १५० घनसेंटिमीटर द्रव असतो. त्यांत तरंगत असल्यामुळें १४०० ग्रॅम वजनाच्या मेंदूचा भार अवघा ५० ग्रॅमइतका होतो व लहानसहान धक्के त्यास बाधत नाहींत. परंतु शत्रू रक्तावाटेंच आंत आला तर करवंटी काय करणार? त्या वाटेवरील पहारा ज्यांच्या प्रयोगानें प्रथम नजरेस आला, त्या पॉल एर्लिक यांचें हें अल्प चरित्र होय.

एर्लिक यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजीं सायलेशियांतील स्ट्रेलेन गांवीं झाला. तें गांव आज पोलंडांत आहे. वैद्यक शिकत असतांनाच त्यांस रंगांचा छंद जडला. कोणता रंग शरीराच्या कोणत्या भागास धरतो, हाच त्यांचा ध्यास. १८७८ सालीं त्यांनीं पदवी मिळविली. पुढें १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तांत रंग सोडून पाहतां इतर अवयव रंगले, मेंदू मात्र बहुतेक कोराच राहिला! मेंदूस रंग धरतच नाहीं, असें अनुमान एर्लिक यांनीं काढलें.

तें अनुमान चुकीचें होतें. १९१३ सालीं त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनीं उलट प्रयोग केला. रंग मेंदूभोवतालच्या द्रवांत सोडतांच मेंदू रंगला आणि बाकीचें शरीर कोरें राहिलें. अर्थात् रक्त व मेंदू यांमध्यें कांहीं तट असला पाहिजे. १९६७ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें तो दाखविला : मेंदूंतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींस घट्ट जोडलेल्या असतात. प्राणवायु व साखर यांस त्या वाट देतात. बहुतेक जंतू व विषें यांस अडवितात.

मध्यंतरीं एर्लिक यांस क्षयानें गांठलें होतें. मिसर देशांत राहून ते बरे झाले व पुन्हां कामास लागले. १९०८ सालीं मेचनिकॉव्ह यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. जंतूस मारील पण रोग्यास इजा करणार नाहीं, असें औषध शोधण्याचा त्यांनीं चंग बांधला. जपानी सहकारी हाता यांच्या साह्यानें तपासलेलें ६०६ क्रमांकाचें द्रव्य १९१० पासून उपदंशावर वापरांत आलें. २० ऑगस्ट १९१५ रोजीं एर्लिक निवर्तले.

आपल्या खारजमिनींस बांध असतो व त्यास उघाडी असते. ओहोटीस ती शेतांतील पाणी बाहेर सोडते. भरतीचें खारें पाणी आंत येऊं देत नाहीं. मेंदूचा पहाराही असाच निवड करणारा आहे. परंतु तो अनेक उपकारक औषधांसही अडवितो, आणि तीं आंत कशीं न्यावीं, हें कोडें वैद्यांपुढें आजही आहे. उलट मद्य व तंबाखूंतील निकोटीन यांस तो अडवूं शकत नाहीं. तेथें पहारा आपला आपणच केला पाहिजे.

विद्यार्थ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एर्लिक यांचें अनुमान चुकलें, पण त्यांनीं जें पाहिलें तें जसेंच्या तसें नमूद केलें. म्हणूनच शिष्यास सत्यापर्यंत जातां आलें.